काळीज उजवीकडे असतं

मेडिकलच्या मागच्या खोलीत, जिथं कूलर आता फक्त आवाज करतो,
मी मेणात बसवलेला एक तुकडा कापते आहे.
शेवईएवढा. सुईनं ओढून आणलेला.
पाच मायक्रॉनची पट्टी कोमट पाण्यावर सोडली
की सुरकुत्या आपोआप जातात,
मग खालून काच अलगद वर घ्यायची.
एकवीस वर्षं झाली. हात थरथरत नाही.

चिठ्ठीवर : रेवाराम धापोडकर, एकाहत्तर, पुरुष, गोळीबार चौक.
नियमानं हा तुकडा ठवकरकडे जायला हवा होता.
ठवकर मारबत पाहायला गेलाय.
आणि हे माझे बाबा.

सावजीच्या हॉटेलात वाटीतून काळीज येतं, ते यकृतच असतं.
मटणवाला तोलतो तेही.
बोलायच्या वेळेस मात्र आपण हात डावीकडे नेतो,
काळीज तुटलं म्हणतो, काळजाला घरं पडली म्हणतो,
आणि खरं काळीज उजव्या बरगड्यांखाली, मुकाट, दीड किलोचं.
दुखत नाही म्हणून आठवत नाही.

काचेवर घरं दिसतात. पडलेली नव्हेत, बांधलेली :
सहा कोपऱ्यांची, मधोमध एक शीर,
तिच्याकडे तोंड करून पेशींच्या रांगा.
काही पेशींत दोन दोन केंद्रकं,
बाबांच्या खोलीत दोन माग असायचे, तशी.

चाळीस वर्षं बाबांनी सूत रंगवलं.
नेप्थॉल, कॉस्टिक, कोपरापर्यंत निळे हात,
त्याच हातांनी भाकर.
ते सगळं शेवटी या रांगांपाशी आलं असणार.
यांनी ते उकललं, त्याचा डंख काढला,
काही पित्तातून सोडलं, काही रक्ताबरोबर मूत्रपिंडाकडे धाडलं,
आणि कधी आरोळी ठोकली नाही :
घेऊन जा गे मारबत.

ज्या वर्षी सोसायटीकडून सूतच मिळालं नाही
आणि बाबा "मी जेवलो" म्हणून कूस बदलायचे,
तेव्हा यांनीच साठवलेली साखर चिमूट चिमूट सोडली,
आईच्या हळदीच्या डब्यातून नाणी निघायची तशी.
पहाटेपर्यंत डोकं चालावं इतकीच.

दुसरी काच खास रंगाची.
तिच्यात नको तिथं वाढलेला धागा निळा उतरतो.
उतरला.
शिरेपासून शिरेपर्यंत निळे पट्टे,
घरांचे कोपरे मोडलेले, मधे पेशींची गोल बेटं.
बाबांच्या हातांचाच निळा.
(रंग वेगळा, रसायन वेगळं. मला माहीत आहे.)

महिन्यापूर्वी डोळे पिवळे झाले
तेव्हा गल्ली बाटलीबद्दल हळू आवाजात बोलायला लागली.
बाबांनी थेंब घेतलेला नाही.
लहानपणी एकाच काचेच्या पिचकारीनं
अख्ख्या तांडापेठेला टोचलं होतं म्हणतात.
कुठून काय आलं, कोण सांगणार.
निखाऱ्यांच्या नातवानं तर तोंडावरच म्हटलं, पिवळी मारबत!
सगळ्यात आधी बाबाच हसले.

माझं काम काच बनवायची. वाचायची मॅडमनी.
तरी मी त्या बेटांवर बराच वेळ थांबले.
एकाच्या काठाशी एक पेशी दोन होत होती.
एवढ्या दोऱ्यांत, जागा नसताना,
आणखी एक.
मी भिंग हलवलं नाही. बाहेर ढोल वाजून गेले.

संध्याकाळी बाबा खाटेवर बसलेले, लुंगी आवरत.
"काय दिसलं वं बाई त्याच्यात?"
म्हटलं, धागा जास्त झालाय, बाबा.
ते थोडा वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिले.
मग कारागिरानं कारागिराला विचारावं तसं विचारलं,
"ताणा का बाणा?"